पहिलीच एल्कची शिकार, तीही धनुष्यबाणाने आणि एकट्याने, जावं का?

सातारी_डेन्व्हरकर:
मंडळी, कोलोरॅडोत येऊन सहा वर्षं झाली, त्यातली तीन कंपाउंड बो (कप्प्या लावलेलं धनुष्य) चालवण्यात गेली. दोरी ताणायला साठ पाउंडाचा जोर लागतो, तीस यार्डावर बाण पेपर प्लेटच्या बाहेर जात नाही. या सप्टेंबरला एल्कसाठी (सांबरासारखं मोठं हरीण) जायचं पक्कं केलंय, गाईड नाही, सरकारी रानात, फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांच्या बाजूला, पाच दिवस एकटा. गाडी लावून पाच मैल आत चालत जायचं आणि तिथे तंबू ठोकायचा. हंटर एज्युकेशनचं कार्ड झालंय आणि राज्याचा रहिवासी असल्याने आर्चरीचा टॅग, म्हणजे धनुष्यबाणाने एक जनावर मारायचा परवाना, थेट मिळतो (बाहेरच्या राज्यातल्यांना २०२५ पासून आय-२५ हायवेच्या पश्चिमेला ड्रॉमध्येच, म्हणजे सोडतीत, नंबर लावावा लागतो). बायको म्हणते डोकं फिरलंय. माझं म्हणणं एवढंच की हजारो डॉलर मोजून गाईडच्या मागे मेंढरासारखं चालायचं तर शिकणार काय कप्पाळ?

घाटवाट:
एकटा जा, गाईड नको, इथपर्यंत मान्य. पाच मैल मात्र साफ नामंजूर. हिशोब कर. मोठा नर पाडलास तर हाडं काढूनही शंभर किलोच्या आसपास मांस निघतं. एका खेपेला पंचवीस किलो धर, म्हणजे चार खेपा भरलेल्या आणि तीन रिकाम्या, पाच-पाच मैलांच्या. ३५ मैल झाले, आणि तंबू अजून तिथेच आहे!! कळसूबाई १६४६ मीटर, तू गाडी लावशील तीच जागा अडीच हजारांच्या वर असेल, तिथे चार पावलांत धाप लागते.

माझी पहिली मादी रस्त्यापासून दोनच मैलांवर पडली, सोबत मित्र होता, तरी फजिती झाली. दुपारचं ऊन, अंगावर जाड कातडं, आणि आम्ही आधी फोटो काढत बसलो. कातडं सोडवलं तर आतून वाफ येत होती. एका मागच्या पायाचं मांस हाडापर्यंत चिरून मोकळं करायचं राहिलं, तसंच पिशवीत घातलं. दुसऱ्या दिवशी खुब्याच्या हाडाजवळ नाक नेलं आणि कळलं. वरून लालबुंद, आत हिरवट आणि आंबूस. अख्खा पाय गेला. तेव्हापासून आधी कातडं काढायचं, मग पाय सुटे करून जाळीच्या पिशव्यांत सावलीला टांगायचे, फोटो नंतर. आणि नर की मादी याची खूण मांसाला लागलेली ठेवायची, इथे तो कायदा आहे, नाहीतर घरी नेताना दंड भरशील.

जाता जाता, आईला फोनवर 'काउ टॅग' (मादीचा परवाना) वगैरे म्हणू नकोस. मी म्हणालो होतो. तासभर समजावत बसलो की बाई, ती गाय नव्हे, सांबराच्या भावकीतली आहे.

पुणेरी_काकू:
मला सगळंच पटत नाही. आपल्याकडे १९७२ चा कायदा झाला आणि शिकार संपली, ते चांगलंच झालं. इथे येऊन ही हौस कशाला? दुकानात मांस मिळतं की.

घाटवाट:
काकू, दोन्हीकडची गोष्ट सारखी नाही हो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जेमतेम हजारभर उरले होते, तेही बेसुमार शिकारीनेच. मग यलोस्टोनकडून कळप आणून सोडले, टॅग ठरवून दिले, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावला, धनुष्यबाणावरचा कर पुढे १९७२ ला त्यात आला. आज इथे पावणेतीन लाखांच्या वर एल्क आहेत.

पुणेरी_काकू:
कर भरता म्हणून बाण नीट लागतो असं थोडंच आहे? फुफ्फुसाऐवजी आतड्यात घुसला तर ते जनावर रात्रभर तळमळणार. त्याचं काय ते सांगा.

सातारी_डेन्व्हरकर:
म्हणूनच तीस यार्डाच्या पुढे बाण सोडायचा नाही असं ठरवलंय.

रानवाट_७७:
काकूंचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. रेंजवर बूट घट्ट करून, श्वास सोडून मारलेला बाण वेगळा आणि चढ चढून छाती धडधडत असताना, समोर तीनशे किलोचा नर आरोळी ठोकत असताना मारलेला वेगळा. पाठीवर सॅक घे, पळत टेकडी चढ आणि लगेच मार, मग सांग प्लेटमध्ये किती जातात. माझे वीस यार्डाला बाहेर जात होते. आणि लागल्यावर लगेच मागे धावायचं नाही. छातीत लागला असला तरी अर्धा तास बस, आतड्यात लागला अशी शंका आली तर निदान सहा तास, नाहीतर उठून दुसऱ्या डोंगराला जातो आणि रक्ताचा माग तुटतो. सप्टेंबरच्या उकाड्यात तेच सहा तास मांस खराब करतात. याला तोड नाही. म्हणून मी म्हणतो पहिल्या वर्षी रायफलने जा.

सातारी_डेन्व्हरकर:
एच-१बी वर आहे दादा. व्हिसावाल्याला बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे, शिकारीचं लायसन्स असेल तर सूट आहे म्हणा, पण ग्रीन कार्डच्या रांगेत असताना मला ती भानगड नको. या कायद्यात धनुष्य बंदुकीत मोडत नाही.

रानवाट_७७:
बरं, हे मान्य. मग वाऱ्याचं बघ. सकाळी गार हवा ओढ्याकडे उतरते, ऊन चढलं की उलटून वर जाते, संध्याकाळी परत खाली. ती उलटते त्या तासाभरात हलायचंच नाही. माझे आजोबा जावळीत सांगायचे, वारं नेहमी तोंडावर घ्यायचं, एल्कचं नाकही तसंच. तरी आर्चरीत दहातल्या एखाद्यालाच मिळतो. पहिल्या वर्षी रिकाम्या हाताने येशील असंच धरून चाल.

घाटवाट:
आणि अंतर दीड मैलावर आण!

सातारी_डेन्व्हरकर:
आणलं. दीड मैल, रस्त्याच्या खालच्या अंगाला नाही, वरच्या अंगाला, म्हणजे ओझं घेऊन उतरायचं. गाडीत बर्फाचे दोन कूलर. वीस यार्ड, पुढे नाही, आणि उद्यापासून टेकडी. एकटा जायचं रद्द, चिंचवडचा मित्र येतोय. पक्का शाकाहारी, पण म्हणतो पिशव्या उचलीन, रक्त दिसलं नाही पाहिजे.

पुणेरी_काकू:
त्याला आधी सांगितलंय का, पिशव्या जाळीच्या असतात ते?