सोलरच्या गरम पाण्याला शॉवरसाठी प्रेशर पंप कुठं बसवायचा?

जुळे सोलापूरकर
नमस्कार मंडळी, आमचं घर तळमजला अधिक एक. टेरेसवर हजार लिटरची टाकी स्लॅबपासून चार फुटांवर, शेजारी २०० लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर. वरच्या बाथरूममध्ये मोठा गोल शॉवर बसवलाय पण पाणी नुसतं ठिबकतंय. आई गुडघ्यांमुळं बादलीजवळ वाकू शकत नाही, तिच्यासाठीच केलं होतं सगळं. प्लंबरनं टाकीतून सोलरला जाणाऱ्या थंड लाईनवर पंप लावला, तर सोलरच्या उभ्या एअर पाईपमधून पाणी उडायला लागलं आणि अख्खा टेरेस ओला. आता तो म्हणतोय त्या पाईपला टोपी मारतो. मारू द्यावी का?

नळवाला मालक
मालक, टोपी अजिबात मारू देऊ नका, आधी त्याला फोन करून थांबवा!! तुमचा सोलर साधा बिनप्रेशरचा आहे, त्याची आतली टाकी पंपाचं प्रेशर सोसायला केलेलीच नसते. तो पाईप म्हणजे टाकीचं नाक आहे. बंद केला तर पंप चालू झाला की टाकी फुगून सांधा फुटणार, आणि उलट पाणी ओढलं जाताना आत हवा शिरली नाही तर टाकी आत चेपते. उकळतं पाणी अंगावर येईल असलं काम आहे हे.

पंप सोलरच्या *नंतर*, गरम पाण्याच्या लाईनवर घ्यायचा. तोही टेरेसवर सोलरला चिकटून नको, तिथं त्याच्या डोक्यावर पाण्याची उंचीच नसते आणि गरम पाण्यात बुडबुडे होऊन पंप घरघरतो. खाली बाल्कनीत किंवा डक्टमध्ये (पाईप उतरतात त्या उभ्या मोकळ्या जागेत) बसवा. घेताना पंपावरची प्लेट वाचा, किती तापमानापर्यंत चालतो ते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सोलरचं पाणी हात लावू देत नाही, साध्या पंपाचं सील त्यात टिकत नाही. लाईन सीपीव्हीसीच पाहिजे, साधी पीव्हीसी गरम पाण्यानं वाकते.

आणि एक, सोलरला थंड पाणी देणारा पाईप अर्ध्या इंचाचा असेल तर एक इंची करा. नाहीतर पंप ओढतो जास्त आणि वरून येतं कमी, मग सोलरमधली पातळी उतरून लाईनीत हवा शिरते.

विजापूर रोडची ताई
आमच्याकडं वेगळाच घोळ झालेला. पंप फक्त थंड लाईनला होता, गरम तसंच उताराचं. गरम-थंडचा मिक्सर नळ उघडला की थंड पाणी जोरात येऊन गरम लाईनीत उलटं वर चढायचं, शॉवरमधून नुसतं गार पाणी आणि सोलरमधलं पण गार होत जायचं, आम्ही महिनाभर सोलरलाच दोष देत बसलो. शेवटी दोन्ही लाईनींना सारखं प्रेशर दिलं आणि दोन्हींवर एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारे व्हॉल्व्ह) बसवले, तेव्हा कुठं थांबलं. आईंसाठी करताय ना, मग हे नक्की बघा, मधेच एकदम कढत पाणी आलं तर म्हाताऱ्या माणसाला पटकन बाजूला होता येत नाही ओ.

अक्कलकोट रोड
पंपाआधी शॉवरची चाळणी काढून बघितली का? बोअरचं पाणी असेल तर भोकांत पांढरा खडा धरतो. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. पण तुमच्या टाकीचा तळ शॉवरच्या वर सात-आठ फूटच भरणार, दहा मीटर उंचीला एक बार (प्रेशरचं माप) धरलं तर हे पाव बारसुद्धा नाही, मोठ्या शॉवरला तेवढं पुरत नाही. हातात धरायचा छोटा शॉवर एवढ्यावरही बरा चालतो, आणि आईंना खुर्चीवर बसून अंघोळ करता येईल. पाणी पण वाचतं, पंपावरचा मोठा शॉवर मिनिटाला दहा-बारा लिटर सहज ओततो आणि आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतंय.

जुळे सोलापूरकर
टोपी थांबवली, पंप पण काढायला लावला. चाळणी काढली तर निम्मी भोकं बुजलेली. आज हँड शॉवर आणि प्लास्टिकची खुर्ची आणतोय, आईला आधी त्यावर बघू. पंप बसवायचा झाला तर गरम आणि थंड दोन्हीला मिळून, खाली डक्टमध्ये. ताई, तुमचे एनआरव्ही पितळेचे आहेत का, किती इंची घेतले ते सांगा.

विजापूर रोडची ताई
पितळेचेच, पाऊण इंची. बाणाची दिशा बघून बसवायला सांगा, आमचा एक पहिल्यांदा उलटाच बसवलेला.