शब्दचर्चा: 'मनोरुग्ण म्हणून सुटका' की 'शिक्षा सौम्य'?

प्रश्न: बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालकाला मनोविकार असल्यामुळे शिक्षा कमी झाली, तर 'मनोरुग्ण म्हणून सुटका' असं लिहावं का? मथळ्यांत सर्रास दिसतं.

प्रतिसाद: कृपया लिहू नका. सुटका म्हणजे माणूस मोकळा झाला. इथे तो दोषी ठरलेलाच असतो; आजाराचा विचार त्यानंतर, शिक्षा किती द्यायची हे ठरवताना होतो. 'सूट'ही नको, कारण ती कैद्याला शिक्षा भोगत असताना मिळते. 'शिक्षा सौम्य केली' हेच बरोबर.

प्रश्न: म्हणजे आजाराचा दाखला दाखवला की शिक्षा सौम्य?

प्रतिसाद: तसं मुळीच नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२० पासून लागू असलेली, मनोविकार असलेल्या दोषींची शिक्षा ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की आजार आणि कृत्य यांचा पुरेसा संबंध हवा. कुणीतरी पाठलाग करतंय या भ्रमात सिग्नल तोडणारा आणि नैराश्य असलेला पण निव्वळ घाईपोटी सुसाट जाणारा, दोघांचा दोष एकसारखा मोजता येत नाही. स्वतःच्या आजाराची नीट जाण असूनही औषधं सोडली किंवा दारू प्यायली असेल, तर तेही न्यायालय पाहतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २००७ च्या व्हर्डिन्स निकालाने आणखी एक मुद्दा धरला: आजारी माणसाला तोच तुरुंगवास जास्त जाचतो. मला हा फार मोलाचा वाटतो, कारण इथे दोषाच्या पलीकडे जाऊन माणसाकडे पाहिलं आहे.

मात्र दोष कमी झाला म्हणून रस्त्यावरचा धोका कमी होत नाही. त्यामुळे तुरुंगवास घटवूनही वाहन चालवण्यावरची बंदी कायम राहू शकते.

दुसरा प्रतिसाद: 'वेडेपणा' हा शब्दही जपून वापरा. वेडेपणाचा बचाव कधी चालतो हे ठरवणाऱ्या इंग्लंडमधल्या १८४३ च्या मॅकनॉटन नियमांतला वेडेपणा हा बचावाचा मुद्दा आहे, वैद्यकीय निदान नव्हे. तिथल्याच १९८९ च्या हेनेसी खटल्यात मधुमेही चालकाने इन्सुलिन घेतलं नव्हतं. वाढलेल्या साखरेमुळे आपल्याला भान नव्हतं, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने तो बचाव कायद्याच्या लेखी वेडेपणात धरला! मधुमेह्याला कुणी वेडा म्हणेल का?

प्रश्न: मग 'मनोविकारामुळे दोष कमी धरून न्यायालयाने चालकाची शिक्षा सौम्य केली' चालेल?

प्रतिसाद: उत्तम. निकालात आजाराचं नाव असेल, तर 'मनोविकार' असं मोघम न लिहिता तेच द्या.