लहान मुलांचा संडे स्कूलचा वर्ग रंगतदार कसा घ्यावा?

प्रश्न : चर्चमधील ४ ते ७ वर्षांच्या मुलांच्या संडे स्कूलची जबाबदारी अलीकडेच माझ्याकडे आली आहे. धडा मी मनापासून तयार करते. परंतु गोष्ट अर्ध्यावर येते न येते तोच धाकटी मुले चुळबुळ करू लागतात आणि मोठी ‘ही आम्हाला ठाऊक आहे’ म्हणून मोकळी होतात. वर्गात मुले रमावीत, पण देवाचे वचन म्हणजे निव्वळ करमणूक असेही होऊ नये, यासाठी काय करावे?

उत्तर १ : ताई, या वयाची मुले बसून ऐकतील ही अपेक्षाच सोडावी. खेळ वेगळा आणि धडा वेगळा ठेवण्याऐवजी ज्या गोष्टीत मुळातच हालचाल आहे तिच्यापासून आरंभ करावा. बायबलमधील १ शमुवेल ३ मध्ये देवाची हाक ऐकून बाळ शमुवेल ती वृद्ध याजक एलीची समजून तीनदा एलीकडे धावत जातो; एका मुलाला एली करून कोपऱ्यात निजवावे, बाकीच्यांनी प्रत्येक हाकेसरशी त्याच्याकडे धावावे आणि चौथ्या वेळी मात्र जागच्या जागी थांबून ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ असे म्हणावे. तीनदा धावून झाल्यावर आलेली ती शांतता मुलांना न समजावता समजते. ज्यांना गोष्ट ठाऊक आहे त्यांनाच एली करावे. (बाके आधी बाजूला सरकवलेली बरी.)

उत्तर २ : वरील सूचना उत्तम आहे, परंतु माझ्या मते खरी अडचण आपल्या स्पष्टीकरणांची असते. हरवलेल्या मेंढराचा दाखला (शंभरांतले एक मेंढरू हरवते ती येशूने सांगितलेली बोधकथा) लूक १५ मध्ये जेमतेम चार-पाच वचनांत संपतो आणि आपण त्यावर पाप, पश्चात्ताप, तारण (उद्धार) असे सारे एकाच रविवारी सांगू पाहतो. लहान मुले शब्द जसाच्या तसा घेतात. ‘येशूला हृदयात घ्या’ म्हटले की तो आत मावेल कसा, हा प्रश्न त्यांना खरोखरच पडतो. एका दिवशी एकच गोष्ट सांगावी : मेंढपाळ शोधायला गेला आणि सापडल्यावर त्याला आनंद झाला. एखाद्याने ‘मग बाकीची ९९ कोणी सांभाळली?’ असे विचारले, तर त्याला गप्प करू नये. ती रानात सोडली एवढेच शास्त्रात आहे, असे प्रामाणिकपणे सांगावे आणि मुलांना काय वाटते ते ऐकावे.

उत्तर ३ : पाठांतराचे वचनही त्याच दाखल्याला जोडून घ्यावे. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे स्तोत्र २३ मधील शब्द हातवाऱ्यांसह, कधी कुजबुजत तर कधी मोठ्याने म्हटले, की वेगळी घोकंपट्टी लागत नाही. पाठांतरासाठी बक्षिसे देण्याची पद्धत मला पटत नाही, कारण हळू शिकणारे मूल त्यात दर रविवारी मागे पडते.

उत्तर १ : बक्षिसांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. एकेकट्याऐवजी सर्व वर्गाला मिळून काही दिले, तर मुले एकमेकांना वचन शिकवू लागतात.