थंडीत घोडीने चारा सोडला आणि माझी नाताळची उपासना चुकली

नवापूरकर (प्रश्न)

नमस्कार. यंदा दत्तजयंतीच्या यात्रेत मी सारंगखेड्याहून एक मारवाडी घोडी आणली. वय सहा वर्षे, रंग कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी, स्वभावाने अगदी गरीब. तिच्या अंगावर केसांचा एक भोवरा अशुभ समजल्या जाणाऱ्या जागी असल्यामुळे दोन गिऱ्हाइके परत फिरली होती आणि म्हणूनच ती माझ्या ऐपतीत बसली. आम्ही ख्रिस्ती आहोत, भोवऱ्यांचे शुभाशुभ मानत नाही, असे मी त्या व्यापाऱ्याला हसत हसत सांगितलेही होते.

घरी आणून पंधरा दिवसही झाले नव्हते. 24 डिसेंबरच्या संध्याकाळी तिने चारा सोडला. ती पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, मान वळवून सारखी कुशीकडे पाहू लागली, खाली बसायची आणि लगेच उठायची. रात्री साडेदहाला डॉक्टर आले, त्यांनी नाकातून नळी घालून औषध दिले आणि रात्रभर लक्ष ठेवायला सांगितले. मध्यरात्रीच्या उपासनेत शास्त्रवाचन माझ्याकडे होते, लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय. मी गेलो नाही. पहाटे चारच्या सुमारास घोडीने लीद टाकली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, देवाच्या घरापेक्षा तबेला मोठा झाला का, असे चारचौघांत विचारले. घरी आईने, जी रोज पहाटे उठून प्रार्थना करते, हळूच भोवऱ्याचा विषय काढला. या दोन्हींपैकी मनाला अधिक काय लागले, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. पहिली, माझे चुकले कुठे? भाताचा पेंढा पोटभर देत होतो, मक्याचा भरडा देत होतो, तबेल्याला चारी बाजूंनी ताडपत्री लावली होती, रात्री आत शेकोटी असे आणि तिच्या अंगावर दोन गोधड्या. पाणी सिमेंटच्या टाकीतले. दुसरी, जनावरासाठी उपासना सोडणे आणि जनावरासाठी प्रार्थना करणे, याकडे आपण कसे पाहता? मी त्या रात्री प्रार्थना केली खरी, परंतु तिच्यात घोडीच्या जिवाइतकीच घोडीच्या किमतीची काळजी होती, हे लपवत नाही.

तळोद्याचा पशुवैद्यक

दुसऱ्या प्रश्नात मी पडत नाही. पहिल्याचे उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: सिमेंटच्या टाकीतले पाणी.

घोड्याला आपल्याकडची थंडी सहसा बाधत नाही. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या अंगावर दाट केस येतात, ते उभे राहून मध्ये हवा धरून ठेवतात आणि कोरड्या अंगाच्या निरोगी घोड्याला पाच अंश सेल्सिअसपर्यंतचा गारवा सहज सोसतो. सातपुड्यात डाबकडे कधी कधी दव गोठते, ते निराळे. नवापुरात घोडी थंडीने आजारी पडली असे म्हणण्याआधी मी दहा दुसरी कारणे तपासीन. मात्र पहाटेचे गारढोण पाणी घोडा कमी पितो आणि चारा कोरडा असेल तर आतड्यात गोळा घट्ट होत जातो आणि पोटशूळ उठतो. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला वीस ते तीस लिटर पाणी लागते. बैल टाकीवर किती प्यायला हे कोणी मोजत नाही, पण घोड्याचे मोजावे लागते, म्हणून टाकी सोडा आणि बादली धरा. कोमट पाणी ठेवा आणि रोज साधारण दोन चमचे मीठ द्या, म्हणजे तिला तहान लागेल.

चाऱ्याचेही तसेच. यात्रेतली घोडी राजस्थानातून किंवा गुजरातेतून आलेली असते, वाटेत एक चारा, यात्रेत दुसरा आणि तुमच्या दारात तिसरा. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव चारा कुजवून पचवतात आणि त्यातूनच त्याला थंडीत ऊबही मिळते. या सूक्ष्मजीवांना नवा चारा अंगवळणी पडायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत जुना चारा थोडा थोडा कमी करून नवा वाढवायचा असतो. निव्वळ पेंढ्यावर तर ठेवूच नका, तो पचायला जड आणि सत्त्वाला हलका. तापीकाठी दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा मिळतो, तो वाळलेला, स्वच्छ, कुट्टी करून द्या. सुका चारा दिवसाला सहा-सात किलो, थोडा थोडा करून. थंडी वाढली तर दाणा नव्हे, चारा वाढवावा.

मक्याविषयी मात्र फार सावध राहा. भिजून बुरशी आलेला मका बैल कधी कधी पचवून जातो, परंतु त्या बुरशीच्या विषाने घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग विरघळतो आणि त्यावर उपाय नाही. खळ्यावरचा, पावसात सापडलेला मका घोड्याच्या तोबऱ्यात कधीही घालू नका. कोंबड्यांचे खाद्यही नको, त्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचे औषध असते आणि ते घोड्याच्या हृदयाला घातक आहे.

ताडपत्री एका बाजूची काढा. बंद जागेत मुताचा वास कोंडतो आणि धूर छातीत जातो; तुम्ही गुडघ्यावर बसल्यावर डोळे चुरचुरले, तर घोडीला रात्रभर तेच सोसावे लागते. गोधड्या ओल्या झाल्या तर नसल्यापेक्षा वाईट. पुन्हा पोटशूळ उठलाच तर स्वतः तोंडातून नाळीने तेल पाजू नका, ते फुप्फुसात गेले की घोडा न्यूमोनियाने मरतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात साठलेले वरच्या वाटेने बाहेर येण्याचा मार्गच नाही. जबड्याखालची नाडी मोजा. शांत घोड्याची ती मिनिटाला 28 ते 44 असते, साठच्या वर गेली की डॉक्टरांची वाट पाहत बसू नका, पुन्हा फोन करा.

तापीकाठचा घोडेवाला

दादा, माझे आजोबा भोवरे पाहूनच घोडा घ्यायचे आणि मीही पाहतो, खोटे कशाला सांगू. परंतु पोट भोवऱ्याने दुखत नाही. आमच्याकडे यात्रेतून नवा घोडा आला की दोन-तीन आठवडे त्याला इतर घोड्यांपासून दूर बांधतात, त्याची बादलीही वेगळी ठेवतात, कारण यात्रेत गळ्याच्या गाठींचा रोग कोणाकडून येईल ते सांगता येत नाही. शिवाय थंडीत रात्रीची वरात असेल तर घाम आलेल्या घोड्याला तसाच वाऱ्यात बांधू नये. त्याला हळूहळू फिरवून घाम जिरवायचा, कोरड्या कापडाने पुसायचे, खरारा करायचा आणि मगच झूल. माझा एक चांगला घोडा या आळसापायी खोकल्याने वर्षभर अंथरुणाला खिळल्यासारखा झाला होता, तेव्हापासून वरातीहून आल्यावर मी आधी जेवत नाही.

धुळ्याची निवृत्त शिक्षिका

भाऊ, तुमचे वाचन चुकले असे मला वाटत नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बाळाला गव्हाणीत ठेवल्याचे सांगितले आहे. त्याच शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, पंधराव्या वचनात, शब्बाथाच्या दिवशी बरे केल्याबद्दल प्रभूला दोष दिला जातो, तेव्हा तो विचारतो की तुम्ही प्रत्येक जण शब्बाथ दिवशी आपला बैल किंवा गाढव सोडून पाण्यावर नेत नाही काय. मूळ ग्रीकमध्ये, जनावर जिथून सोडायचे त्या जागेला जो शब्द आहे, तोच शब्द दुसऱ्या अध्यायातल्या गव्हाणीला आहे. मराठीत भाषांतर वेगळे झाल्यामुळे हे आपल्या लक्षात येत नाही. मला हे एका पाळकांनी पुष्कळ वर्षांपूर्वी दाखवले आणि तेव्हापासून नाताळच्या देखाव्यातली गव्हाण मला कागदी वाटेनाशी झाली. तिच्यापुढे तहानलेले जनावर उभे असते. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात तर नीतिमान मनुष्य आपल्या पशूच्या जिवाकडे लक्ष देतो असे स्पष्टच आहे.

मात्र शास्त्र घोड्याच्या बाबतीत हळवे नाही, हेही सांगायला हवे. तेहतिसाव्या स्तोत्रात घोडा तारणासाठी व्यर्थ म्हटला आहे आणि ‘अनुवाद’ या जुन्या करारातील पुस्तकात राजाने घोडे वाढवू नयेत अशी ताकीद आहे. हा रोख लढाईच्या मस्तीवर आहे, आजारी घोडीवर नव्हे. किमतीची काळजी प्रार्थनेत आली याची खंत फार करू नका. घोडी तुमच्या घरातली चूल आहे, आणि रोजच्या भाकरीसाठी मागायला तर आपल्याला शिकवलेलेच आहे.

अक्कलकुव्याचा वाचक

शिक्षिकाबाईंचे वचन बरोबर आहे, पण त्यात एक सोयही दडलेली आहे. तिथे प्रश्न पाण्यावर नेण्याचा आहे, ज्याला अर्धा तास लागतो. घोडीला औषध देऊन झाल्यावर भावाला किंवा शेजाऱ्याला बसवून मंडळीत जाणे शक्य होते का, हे नवापूरकरांनी स्वतःलाच विचारावे. वडीलधाऱ्यांनी चारचौघांत बोलायला नको होते, हे मात्र मान्य.

नवापूरकर

सर्वांचे आभार. अक्कलकुव्याच्या भाऊंना प्रामाणिक उत्तर देतो: शेजारी बसायला तयार होता. मीच गेलो नाही, कारण नाडी मला मोजता येत होती आणि त्याला येत नव्हती. ते कारण पुरेसे होते की नाही, हे मी अजून ठरवत आहे.

ताडपत्री एका बाजूची काढली, शेकोटी बंद केली, दादरचा कडबा शहाद्याहून मागवला आणि पेंढा रोज मूठमूठ कमी करत आहे. मका जावयाच्या बैलांकडेही पाठवला नाही, थेट उकिरड्यावर टाकला. बादलीवर खुणा केल्या आहेत. काल ती 23 लिटर प्यायली, परवा 16. आई पाणी कोमट करून देते आणि भोवऱ्याचे नाव काढत नाही. त्या वडीलधाऱ्यांना मी रविवारी घरी बोलावले. आले, घोडी पाहिली, त्यांच्या लहानपणी घरी बैल होते त्याच्या गोष्टी सांगितल्या आणि मूळ विषयावर एक शब्दही न बोलता चहा घेऊन गेले.

डॉक्टरसाहेबांना एकच विचारायचे राहिले. जानेवारीअखेरीस एका लग्नाच्या वरातीची सुपारी आली आहे, रात्री नऊची, चार किलोमीटर. घेऊ का?

तळोद्याचा पशुवैद्यक

नको. आधी सलग पंधरा दिवस पंचवीस लिटर पाण्याचा हिशेब दाखवा. फेब्रुवारीतली, दिवसाची असेल तर पुन्हा विचारा.