स्टेशनचा ‘पाणलोट’? ‘वॉकेबल’ आणि ‘कॅचमेंट’साठी मराठी शब्द

प्रश्न : स्टेशनभोवतालची वस्ती पायी चालणाऱ्यांना सोयीची कशी करावी, यावरच्या टिपणांत ‘चालणीय’ (वॉकेबल), ‘संक्रमणाभिमुख विकास’ (ट्रान्झिट-ओरिएंटेड डेव्हलपमेंट, म्हणजे स्थानक मध्यवर्ती धरून केलेला विकास) आणि ‘स्थानकाचे पाणलोट क्षेत्र’ (कॅचमेंट, म्हणजे जिथून लोक स्टेशनला येतात तो परिसर) असे शब्द येतात. कोल्हापूरच्या शाहूपुरी-राजारामपुरीतल्या लोकांपुढे हे वाचायचे आहे. बरे शब्द सुचवा.

प्रतिसाद १ : ‘चालणीय’ची घडणच चुकली आहे. ‘अनीय’ संस्कृत धातूंना लागतो : वाचनीय, पूजनीय. ‘चलनीय’ करावे तर नोटा-नाणी आठवतात. आपला ‘जोगा’ हाताशी असताना हा खटाटोप कशाला? राहण्याजोगे घर, तसा चालण्याजोगा रस्ता. ‘संक्रमण’ म्हटले की संक्रांत नाहीतर साथ डोळ्यांपुढे येते. ‘पूर्वलक्षी’च्या चालीवर ‘स्थानकलक्षी विकास’ म्हणा.

प्रतिसाद २ : ‘पाणलोट’ मात्र काढाच. पाणी उताराने आपोआप येते, माणूस येत नाही. ‘हाकेच्या टप्प्यात’ म्हणतो तसा ‘पायटप्पा’ घ्या : स्टेशनच्या दारापासून ठरावीक वेळात पायी गाठता येईल तेवढा परिसर. मिनिटाला ८० मीटर धरले तर पाच मिनिटांत ४०० मीटर. सामान किंवा लहान मूल बरोबर असेल तर त्याहून कमी.

केंद्राच्या २०१७ च्या स्थानकलक्षी विकासाच्या धोरणात स्थानकाभोवती ५०० ते ८०० मीटरचा प्रभावपट्टा धरला आहे. नकाशावर कंपासने वर्तुळ काढून त्यालाच पायटप्पा म्हणणे ही नेहमीची चूक. रूळ ओलांडता येत नाहीत. समजा, घर सरळ रेषेत ३०० मीटरवर आहे, पण पुलाखालून फिरून ७५० मीटर चालावे लागते. तर ते पाच मिनिटांच्या टप्प्याबाहेरच. या अडीचपटीला ‘वळसा’ हाच शब्द वापरा. रेल्वेखालच्या परीख पुलाचे उदाहरण दिले की राजारामपुरीकरांना व्याख्या लागणार नाही. पावसात पुलाखाली पाणी साचले की पायटप्पा आक्रसतो, हेही त्यात लिहा.

प्रतिसाद ३ : ‘पदपथ’ कागदावर ठीक, बोलताना ‘फूटपाथ’च. पण फूटपाथची रुंदी आणि चालायला उरणारी रुंदी यांना दोन वेगळे शब्द हवेतच, नाहीतर टेंडरमध्ये घोळ होतो. दुसरीला ‘मोकळी चालपट्टी’ म्हणावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत (क्र. १०३) ती निवासी भागात किमान १.८ मीटर आणि व्यापारी भागात २.५ मीटर आहे; डोक्यावर २.२ मीटर मोकळे हवे. विजेचा खांब, डीपी (वीजवाटपाची पेटी), झाडाचे आळे, दुकानाची पायरी यात धरायची नाही. अडीच मीटरच्या फूटपाथवर मधोमध डीपी बसवली की चालपट्टी मीटरभरही उरत नाही आणि माणसे रस्त्यावर उतरतात.

दुसरा बिघाड घरांच्या फाटकापाशी. प्रत्येक फाटकासमोर फूटपाथ खाली उतरवतात, मग तो सारखा वर-खाली होतो आणि व्हीलचेअरवाल्याला नकोसा होतो. फूटपाथ सपाटच न्यावा. चढ गाडीने चढावा, तोही कडेच्या पट्ट्यात. फूटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. जिथे माणसांना उतरायचे तिथे उतार १:१२, म्हणजे १५० मिलिमीटरसाठी १.८ मीटर लांबी. त्याला ‘रॅम्प’ म्हणा, ‘उतरंड’ नको, उतरंड मडक्यांची.

प्रश्नकर्ता : ‘चालपट्टी’ आणि ‘वळसा’ घेतले. ‘पायटप्पा’ अनेकवचनात कसा चालवावा?

प्रतिसाद २ : ‘टप्पा’सारखाच : दोन पायटप्पे, पायटप्प्यात, पायटप्प्याबाहेर.