एटीव्हीचा मागचा ब्रेक गरम झाला की जाम होतो, पुढचे किंचाळतात. काय बदलू?

वाळूवाला
नमस्कार मंडळी. अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर आमच्या दोन एटीव्ही (वाळूत चालणाऱ्या चार चाकी बाइक) आहेत, २५० सीसी, चायना मेक. पर्यटकांना फेऱ्या मारायला देतो. पावसाळाभर गाड्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होत्या. गणपतीनंतर बाहेर काढल्या तेव्हापासून त्यातली एक छळतेय.

पुढचे दोन्ही डिस्क ब्रेक दाबले की असे किंचाळतात की पलीकडचा शहाळेवाला मान वर करून बघतो. ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण मागचा ब्रेक भलताच. सकाळी एकदम ठीक. चार-पाच फेऱ्या झाल्या की गाडी जड व्हायला लागते, रेस जास्त द्यावी लागते, आणि मग मागची दोन्ही चाकं एकदम जाम. परवा ओल्या वाळूत गाडी जागच्या जागी आडवी फिरली. नशीब, मी एकटाच होतो. अर्धा तास सावलीत उभी केली की आपोआप सुटते, जणू काही झालंच नाही.

गॅरेजवाला म्हणतो मागचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबतो तो भाग), पॅड, डिस्क, सगळा सेट टाका. आकडा ऐकून घरी सांगितलेलंच नाही. खरंच सगळं बदलायला लागेल का? आणि पॅड कुठले घ्यावेत?

पाना_दहाचा
आधी दोन प्रश्न. मागे डिस्क एकच आहे का, ॲक्सलवर? आणि सीझनच्या आधी कुणी ब्रेक पेडलला हात लावला होता का?

वाळूवाला
हो दादा, एकच डिस्क, चेनच्या स्प्रॉकेटच्या पलीकडे. म्हणून तर दोन्ही चाकं एकदम अडकतात. पेडल फार खाली जायचं, ते सर्व्हिसिंगला 'वर घेऊन' दिलंय. आता पाय ठेवला की लगेच लागतो.

भटक्या७७
किंचाळण्यावर सोपा उपाय. पॅडवर दोन थेंब इंजिन ऑइल सोडा. माझ्या स्कूटरचा आवाज त्यानेच गेला.

मालवणी_मिस्त्री
अरे मेल्या, आवाज गेला तो ब्रेकच गेला म्हणून! वाळूवाले, हे चुकूनसुद्धा करू नका. पॅडला तेल लागलं की ते आत मुरतं, घासून निघत नाही, पॅड फेकावेच लागतात. गंज सोडवायच्या स्प्रेचंही तेच. डिस्कवर फक्त ब्रेक क्लीनर मारायचा.

आता तुमच्या पुढच्या ब्रेकबद्दल. तारकर्लीला माझ्याकडे सीझनला अशा गाड्या येतात, दहातल्या सात जणांचा रोग एकच असतो: स्लाइड पिन. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांचे रबरी बूट फाटतात, खारं पाणी आत जातं, आणि चार महिने उभी राहिली की पिन गंजून बसते. मग पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच घासतो, दुसरा नुसता बसून असतो. पॅड काढून दोन्ही शेजारी शेजारी धरा. एक पातळ आणि एक जाड, किंवा एकच पॅड तिरका झिजलेला दिसला तर समजा पिन जाम आहे.

पिन बाहेर काढा, बारीक पॉलिश पेपरने गंज काढा, सिलिकॉन ग्रीस लावा. साधं चेसिस ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि पिन परत अडकते. पॅडचा तोंडाचा भाग काचेसारखा चकाकत असेल तर सपाट फरशीवर पॉलिश पेपर पसरून आठ-दहा वेळा घासा, कडा थोड्या तिरक्या मारा. आणि पॅडच्या मागची पातळ पत्र्याची क्लिप जागेवर आहे ना बघा. ती गेली की पॅड थरथरतो आणि शिट्टी वाजते. पोरं पॅड बदलताना ती क्लिप हमखास वाळूत टाकतात.

पाना_दहाचा
मिस्त्रींनी पुढचं सांगितलं. मागचं माझ्या मते पॅडचं दुखणं नाहीच. गरम झाल्यावर धरतो आणि थंड झाल्यावर सोडतो, म्हणजे ऑइलचं प्रेशर आत अडकून राहतंय.

पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो मास्टर सिलेंडर. त्यात ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाणारं एक सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पेडल सोडलं की ते उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे गरम होऊन फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. तुमचं पेडल 'वर घेताना' दांडी इतकी घट्ट केली असणार की पिस्टन पूर्ण मागे येतच नाही आणि भोक कायम झाकलेलं. ऑइल फुगलं की जायला जागा नाही, मग ते पॅड दाबतं. पॅड घासले की आणखी गरम. पाचव्या फेरीला जाम.

खर्च करायच्या आधी एवढं करा. टाकीचं झाकण उघडा आणि हाताने पेडल अगदी हळू दाबा. ऑइलमध्ये बारीक कारंजं उसळताना दिसलं तर भोक उघडं आहे. तोंड लांब ठेवा, डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबेल. कारंजं नसेल तर दांडीचा लॉकनट सैल करून दांडी थोडी आखूड करा. पेडलला सुरुवातीला काही मिलिमीटर रिकामी चाल मिळाली पाहिजे.

तरीही जाम झालाच, तर जाम असतानाच मास्टर सिलेंडरवरचा पाइपचा बोल्ट फडकं धरून थोडा सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलेंडर किंवा पेडलमध्ये. नाही सुटलं तर खाली कॅलिपरचं निप्पल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करा. तिथे सुटलं तर रबरी पाइप आतून सुजलाय, ऑइल जातं पण परत येत नाही. तिथेही नाही सुटलं तरच कॅलिपरला दोष द्या. नंतर ब्रेकच्या ऑइलमधली हवा काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं की लगेच पाणी ओता.

दुबईकर_सांगलीचा
इथे वाळवंटात क्वाड भाड्याने देणाऱ्यांकडे काम केलंय, म्हणून पॅडबद्दल लिहितो. वाळूत सिंटर्ड (धातूची पूड दाबून केलेले) पॅड जास्त टिकतात पण डिस्क लवकर खातात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती बघून ठरवा. आमच्याकडे वाळू कोरडी, खराट्याने झाडली की निघते. तुमच्याकडे मिठाचं पाणी, हे दुखणं वेगळंच. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशर पंपाची धार थेट कॅलिपरच्या सीलवर मारू नका. पाणी आत घुसवायचा तो खात्रीचा मार्ग आहे.

ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं झालं असेल तर बदलून टाका, तसंही ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते. उकळलं की उलटा प्रकार, पेडल स्पंजसारखं होऊन ब्रेक लागतच नाही. झाकणावर लिहिलंय तेच घाला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

सासुरवाडी_एक्सप्रेस
विषयाला सोडून, पण हे सगळं ठीक होईपर्यंत गाडी भाड्याने देऊ नका हो. लोक पोरांना पुढ्यात बसवून चालवतात.

वाळूवाला
ताई, त्या दिवसापासून ती उभीच आहे. दुसऱ्या गाडीवर भागवतोय.

आज पहाटे करून बघितलं. झाकण उघडून मुलाला पेडल दाबायला लावलं. कारंजं शून्य. ऑइल तर चहासुद्धा नाही, काढा. दांडीचा लॉकनट सोडला आणि ती जवळजवळ दोन आटे मागे घेतली. मग परत दाबलं तर मधोमध बारीक कारंजं! मुलगा ओरडला 'पप्पा, बघा!' आणि माझ्या बनियनवर उडालं. पूर्ण ऑइल काढून नवीन डॉट ४ भरलं, हवा काढली. त्यात अर्धी सकाळ गेली, एक बुडबुडा काही केल्या निघत नव्हता. शेवटी कॅलिपर सोडून असा धरला की निप्पल सगळ्यात वर आलं, मग निघाला. फेऱ्या मारायच्या आधी पॅड बघितले, अजून जाडी आहे.

भाड्याशिवाय अकरा फेऱ्या मारल्या. डिस्कजवळ हात नेला तर गरम आहे, पण चाक हाताने फिरतंय. सेट बदलायचा नाही.

पुढच्या डाव्या बाजूला मिस्त्री म्हणाले तसंच निघालं, खालची पिन इतकी गच्च की लाकडाच्या ठोकळ्याने मारून काढावी लागली. आतला पॅड धातूपर्यंत गेलाय, बाहेरचा नवाकोरा. उजवीकडे फक्त ग्रीस केलं. दोन्हीकडे नवे पॅड मागवलेत.

एक शंका राहिली. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला मागून खर्र खर्र येतं, मग बंद होतं.

मालवणी_मिस्त्री
ती दमट हवेने डिस्कवर आलेली गंजाची पातळ परत. दोनदा ब्रेक दाबला की निघते. कोकणात ती रोज येणारच. आवाज नंतरही राहिला किंवा वळताना जास्त वाढला, तर मागच्या ॲक्सलची बेअरिंग बघा, ती पण मीठ खाते.

आणि पुढच्या पावसाळ्यात पार्किंगचा खटका लावून गाडी ठेवू नका. चाकाला दगड लावा.

वाळूवाला
खटका लावूनच ठेवली होती. दगड आजच बाजूला काढून ठेवले.