फुकट ब्राउझर गेम: सल्ले देणारे स्वतः कधी खेळतात का?

चिडका बिब्बा
'मोफत गेमची मजा कशी लुटाल' अशी एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. सार इतकंच: कायम इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या हिस्ट्री न ठेवणाऱ्या खिडकीत) खेळा, गेम अडखळला की ब्राउझरचा सगळा डेटा पुसा, जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकर कधीच बंद करू नका. खाली 'उपयुक्त माहिती, धन्यवाद'ची रांग. अहो, पहिले दोन सल्ले पाळलेत तर सेव्हवर पाणी सोडा! लॉगिन न मागणारे बहुतेक गेम तुमची प्रगती ब्राउझरच्याच लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे तुमच्याच मशीनवर ठेवतात. इनकॉग्निटोची खिडकी मिटली की ती गेली. 'कुकीज आणि साइट डेटा' पुसलात तरी गेली, आणि सर्व्हरवर काही नसतंच, मग परत आणणार कोण? गेम अडखळतोय तर आधी बाकीचे टॅब मिटा, हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्रांचं काम ग्राफिक्स चिपवर टाकणारं ब्राउझरचं सेटिंग) चालू आहे का बघा. पुसायचंच असेल तर फक्त कॅश (साइटच्या चित्रं-फाइलींच्या तात्पुरत्या प्रती) पुसा. 'कुकी क्लिकर' या गेममध्ये एक्स्पोर्ट सेव्ह, म्हणजे प्रगती बाहेर काढून ठेवायची सोय आहे. ती लांबलचक अक्षरांची माळ टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवून ठेवा. एवढं सांगायचं सोडून भलतंच.

रिकामटेकडा
एका गेमसाठी एवढा त्रागा? मी इनकॉग्निटोच वापरतो. ऑफिसच्या मशीनवर हिस्ट्री राहत नाही, विषय संपला.

चिडका बिब्बा
मशीनवर राहत नाही, पण नेटवर्क सांभाळणाऱ्याला कोणती साइट उघडलीत ते दिसू शकतं. चालू द्या तुमचं.

कोडगा कोडर
तिसऱ्या सल्ल्याबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून बोलतो. मी असले छोटे गेम बनवतो. गेम फुकट असतो, होस्टिंग (गेम ठेवायची सर्व्हरवरची जागा) नसतं. ब्लॉकर लावून तासन्‌तास खेळायचं आणि वर 'नवीन लेव्हल कधी?' म्हणून विचारायचं!

संध्यासावली
आधी जाहिराती माणसासारख्या दाखवा. जाहिरातीतलं 'प्ले' बटण गेमच्या बटणाहून मोठं आणि तेही हिरवंगार. आमच्या बाबांनी सॉलिटेअर खेळताना कुठल्याशा चौकटीत 'अलाऊ' दाबलं. तेव्हापासून कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात व्हायरस' अशा सूचना. ते इतके घाबरले की बँकेचं काम करायलाही मशीन सुरू करेनात. ब्लॉकर बसवला, तेव्हा कुठे घरात शांतता आली.

कोडगा कोडर
ती नोटिफिकेशनची परवानगी आहे, ताई. साइट सेटिंगमध्ये जाऊन काढता येते. त्याचा राग माझ्या एका बॅनरवर कशाला?

संध्यासावली
सत्तरीतल्या माणसाने साइट सेटिंग शोधायचं? वा! बुद्धिबळाचं लिचेस बघा, एक जाहिरात नाही, देणग्यांवर चालतं. इच्छा हवी.

कोडगा कोडर
आलं लिचेस! लाखो लोक रोज बुद्धिबळ खेळतात, म्हणून देणग्या येतात. माझ्या बेडकाच्या गेमला कोण देणार? तुम्ही?

जुना फ्लॅशवाला
तुम्ही दोघं बॅनरवर भांडताय, इथे सगळं बालपण पुसलं गेलं. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशचा (जुने ब्राउझर गेम ज्यावर चालायचे त्या प्लगइनचा) पाठिंबा काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून गेम चालणंच बंद केलं. हल्लीच्या गेमना आत्मा नाही.

चिडका बिब्बा
रफल नावाचं इम्युलेटर आहे, जुने फ्लॅश गेम आजच्या ब्राउझरात चालवणारं. फ्लॅशपॉइंटवर जुन्या गेमचा प्रचंड साठा आहे. आणि त्या 'आत्म्या'त सुरक्षेची किती भोकं होती तेही आठवा.

जुना फ्लॅशवाला
रफलवर माझा आवडता गेम सुरू होतो आणि दुसऱ्या पडद्यावर गोठतो. फ्लॅशपॉइंट उतरवून घ्यावं लागतं, मग ते ब्राउझर गेम कसले? असो, भोकं होती. मान्य. खूश?

रिकामटेकडा
एक्स्पोर्ट सेव्ह ऑप्शन्समध्येच आहे ना? सहज विचारतोय.

चिडका बिब्बा
हो, ऑप्शन्समध्येच. आणि आधी इनकॉग्निटोतून बाहेर या.

संध्यासावली
कोडरसाहेब, तुमच्या बेडकासाठी ब्लॉकर बंद केला बरं का. पहिल्याच उडीला आवाजासकट व्हिडिओ सुरू झाला. अभिनंदन.

कोडगा कोडर
तो जाहिरात कंपनीवाल्यांनी घातलाय, मी नाही. बघतो काढता येतो का.